अजून थोडं डोकं खाली

सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्यात ऑपरेशनभर एक घासाघीस चालू असते. बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या कानावर ती कधी जात नाही आणि डिस्चार्ज कार्डावरही तिची नोंद नसते. सर्जन म्हणतात, "मॅडम, अजून थोडं डोकं खाली द्या." मी म्हणते, "आता नाही जमणार." ते म्हणतात, "मग गॅसचं प्रेशर तरी वाढवू?" मी मॉनिटरकडे बघते आणि पुन्हा नाही म्हणते. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर, म्हणजे आपल्याकडच्या बायका ज्याला नुसतं 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात तो, दुर्बिणीतून काढायचा असला आणि टेबलावर शंभर किलोच्या पुढची बाई असली, की सगळं या घासाघिशीवर ठरतं. पोटावर चार-पाच बारीक छेद राहणार, की वीतभर चीर द्यावी लागणार, ते.

मी कोल्हापूरची, पुण्यातल्या एका रुग्णालयात भूल देते. शस्त्रक्रियेच्या रोबोटविषयी वर्तमानपत्रांत भरपूर छापून येतं. फोटोत यंत्राचे हात असतात आणि शेजारी सर्जन उभे असतात. त्या हातांच्या खाली, कापडाआड झोपलेल्या बाईच्या उशाशी माझी जागा. हे किस्से त्या जागेवरचे आहेत.

आधी डोकं खाली का घ्यायचं, ते सांगते. गर्भाशय ओटीपोटाच्या तळाशी असतं आणि त्याच्यावर आतड्यांचा पसारा असतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात आणि मग टेबल डोक्याच्या बाजूला कलतं करतात. आतडी आपोआप छातीकडे सरकतात, खालचा भाग मोकळा दिसतो. सडपातळ बाईला हे सहज सोसतं. वजनदार बाईच्या बाबतीत मात्र पोटाच्या भिंतीचं ओझं, आतली चरबी, आतडी आणि वरून भरलेला गॅस, असं सगळं एकदम पडद्यावर, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूवर, येऊन बसतं. फुप्फुसांना फुगायला जागाच उरत नाही. व्हेंटिलेटर जोर लावतो, दाबाचा आकडा चढत जातो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, ऑक्सिजन खाली येऊ लागतो. मग मी म्हणते, टेबल सरळ करा. टेबल सरळ केलं की आतडी परत खाली येतात आणि सर्जनला काही दिसत नाही. तिथून पुढे एकच रस्ता उरतो, पोट उघडायचा.

हे फक्त आमच्या थिएटरचं रडगाणं नाही. अमेरिकेत या कॅन्सरच्या अडीच हजारांहून अधिक बायकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये आले. दुर्बिणीतून सुरू केलेल्या ऑपरेशनांपैकी जवळपास २६ टक्के वेळा अर्ध्यावर पोट उघडावं लागलं होतं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २५ असलेल्या बायकांत हे प्रमाण साडेसतरा टक्के होतं, ३५ ला साडेसव्वीस आणि ४० च्या पुढे ५७ टक्के. म्हणजे सर्वांत जड बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींच्या वाट्याला शेवटी मोठी चीरच आली.

आणि मोठी चीर सर्वांत वाईट कोणाला? त्यांनाच. चरबीच्या थराला रक्तपुरवठा कमी असतो. जोडीला शुगर असली, की जखम भरायला वेळ लागतो, पू होतो, टाके उसवतात. दुखतं म्हणून बाई हलत नाही, हलत नाही म्हणून पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते. जुन्या दिवसांतली एक पेशंट मला आठवते. उघडं ऑपरेशन उत्तम झालं होतं. आठव्या दिवशी जखम फाकली आणि पुढे कितीतरी आठवडे रोजचं ड्रेसिंग चाललं. ऑपरेशननंतर तिला रेडिएशन द्यायचं होतं, ते जखमेसाठी थांबलं. कॅन्सर काढून झाला होता आणि घरचे सगळे त्या जखमेतच अडकले होते. ज्या बाईला बारीक छेदांची गरज सगळ्यांत जास्त, तिलाच ते मिळत नव्हते. रोबोटबद्दल माझं जे काही प्रेम आहे ते इथून येतं. यंत्र दिपवून टाकतं म्हणून मला त्याचं कौतुक नाही.

आता शिरोळ तालुक्यातल्या एका आक्कांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय साठीच्या आत, उंची पाच फूट, वजन १०४ किलो. शुगर आणि बीपी दोन्ही. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झालेली. मग एक दिवस अंगावरून गेलं. थोडंसं, डाग पडण्याइतकं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

"पाळी परत सुरू झाली आसंल म्हणून मी गप बसलो," त्या मला म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका स्वतःविषयी बोलताना 'आलो, गेलो, बसलो' असंच बोलतात. पुण्याच्या वॉर्डात ते कानावर पडलं आणि मी त्यांच्या खाटेवर टेकले. "लेकीला सांगायची लाज वाटली बगा."

लेकीला ते कसं कळलं? आक्का दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला दर्शनाला जायच्या. त्यात खंड नाही. लागोपाठ तीन पौर्णिमा त्या गेल्या नाहीत, गुडघे दुखतात म्हणाल्या. लेक माहेरी आली होती. तिला ते पटलं नाही, कारण गुडघे आधीही दुखतच होते. तिने खोदून विचारलं तेव्हा कळलं. अंगावरून जात असताना देवाला कसं जायचं, म्हणून वाडीला जाणं बंद होतं. एखादीचा कॅन्सर चुकलेल्या पौर्णिमेवरून सापडावा, हे मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

इथे थांबून एक सांगायलाच हवं. पाळी पूर्ण थांबल्यावर अंगावरून जाणं, मग ते एकदाच आणि थेंबभर का असेना, तपासून घ्यायलाच हवं. दर वेळी तो कॅन्सर नसतो, बहुतेक वेळा नसतोच. पण या कॅन्सरच्या सुमारे ९० टक्के बायकांत पहिली खूण हीच असते. असं शरीर ओरडून सांगणारे कॅन्सर फार थोडे. सोनोग्राफीत अस्तराची जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसली, की अस्तराचा तुकडा काढून तपासतात. वेळेत आलेल्या बाईचा आजार बहुतेकदा पिशवीतच असतो आणि ऑपरेशननं बरा होतो.

आक्कांचे पुढचे महिने मात्र वेगळ्या कारणानं गेले. एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आलं, या वजनात भूल देणं धोक्याचं, आधी वजन उतरवून या. "मग मी सकाळी उठून घाटापतुर चालत हुतो. गुडघं सुजलं, वजन हाय तेवढंच." ज्या बाईच्या पिशवीतून रक्त जातंय तिला अस्तराचा तुकडा न तपासता चालायला पाठवणं, याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. धोका खरा आहे. तो मोजायचा, त्याची तयारी करायची. वजन उतरायला वर्षं लागतात, कॅन्सर तेवढा थांबत नाही. शेवटी लेकीनेच त्यांना कोल्हापुरात राजारामपुरीत एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. तिथे दोन दिवसांत सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला, निदान हातात आलं, आणि ऑपरेशनसाठी आक्का पुण्याला आमच्याकडे आल्या.

वजनाचा आणि या कॅन्सरचा संबंध काय, हे आक्कांच्या लेकीने मला विचारलं होतं. पाळी गेल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन बनवायचं थांबवतात, पण चरबी थांबत नाही. चरबीच्या पेशींत अरोमाटेज नावाचं एक विकर असतं, ते दुसऱ्या संप्रेरकांपासून इस्ट्रोजेन तयार करतं. जितकी चरबी जास्त तितकं इस्ट्रोजेन जास्त. त्याला आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन तर पाळीबरोबरच गेलेलं असतं. अस्तर वर्षानुवर्षं वाढत राहतं आणि एखाद्या दिवशी पेशी ताळतंत्र सोडतात. बीएमआय ५ अंकांनी वाढला की या कॅन्सरचा धोका साधारण दीडपट होतो. आपल्या लोकांसाठी तर २५ बीएमआयलाच लठ्ठपणा धरतात, ३० ला नाही. आक्कांचा ४४ च्या पुढे होता.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आमची खरी कामं सुरू होतात, आणि ती अगदी साधी असतात. टेबल किती वजन पेलतं ते बघायचं, दोन्ही बाजूंना जोडपट्ट्या लावायच्या. बीपीचा पट्टा मोठ्या मापाचा शोधून ठेवायचा, कारण लहान पट्टा खोटा आकडा दाखवतो. आक्कांना थिएटरचा गाऊन बसेना. सिस्टरने रात्री दोन गाऊन उसवून एकाला एक जोडून शिवले. सकाळी तो घालून आक्का म्हणाल्या, "ह्यो बसतोय की!" आणि पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. रुग्णालयाच्या खुर्च्या, गाऊन, खाटा अशा बायकांना दर पावलाला सांगत असतात की ही जागा तुमच्यासाठी नाही. त्या शिवलेल्या गाऊनने आक्कांची भीती माझ्या कुठल्याही औषधापेक्षा जास्त उतरवली.

थिएटरमध्ये आमचे एक मामा आहेत. पदाने ते वॉर्डबॉय, पण वजनदार पेशंटला भूल देताना मला सर्वांत आधी तेच हवे असतात. अशा बाईला सपाट झोपवून घशात नळी घालायला गेलं, तर मान दिसत नाही, जीभ मागे पडते आणि ऑक्सिजन भराभर उतरतो. म्हणून पाठीखाली, खांद्याखाली, डोक्याखाली घड्या घातलेल्या चादरी रचायच्या, इतक्या की कानाचं भोक आणि छातीचं हाड एका आडव्या रेषेत आलं पाहिजे. मामांची नजर पक्की आहे. ते टेबलाच्या बाजूला खाली बसून एक डोळा मिटून बघतात आणि म्हणतात, "अजून एक घडी." त्यांची घडी बसली की नळी बहुतेक वेळा पहिल्या प्रयत्नात जाते.

त्यानंतर आम्हाला सगळ्यात जास्त भीती असते ती घसरण्याची. शंभर किलोचं शरीर वीस-पंचवीस अंश उतारावर डोक्याकडे सरकू लागलं, तर हत्यारांसाठी पोटात रोवलेल्या नळ्यांच्या ठिकाणी कातडी आणि स्नायू फाटतात, खांद्याच्या नसा ताणल्या जातात. म्हणून उघड्या पाठीखाली थेट जेलची गादी, मध्ये चादर नाही. कातडी गादीला धरून राहते. हात अंगालगत गुंडाळलेले, कोपराखाली स्पंज, पायांना हवेने दाबणारे मोजे. आमच्या तंत्रज्ञाची एक युक्ती आहे. खांद्याच्या रेषेत तो गादीवर पेनाने खूण करतो. मग टेबल कलतं करून आम्ही सगळे थांबतो. बोलणं बंद. तो खुणेकडे बघतो, मी दाबाच्या आकड्याकडे. खूण हलली नाही, आकडा पस्तिशीच्या आत राहिला, तरच पुढे जायचं. हा कल आम्ही रोबोट जोडायच्या आधी देऊन बघतो, कारण बऱ्याच यंत्रांत एकदा हात पेशंटला जोडले की टेबल हलवता येत नाही. घासाघीस त्याआधीच संपवावी लागते.

आक्कांच्या वेळी त्या तालमीतच ऑक्सिजन ९९ वरून ९१ वर आला. टेबल न हलवता मी छातीला स्टेथोस्कोप लावला, डावीकडे आवाज नव्हता. कारण ठाऊक होतं. डोकं खाली गेलं की पोटाचा दाब फुप्फुसांना वर ढकलतो आणि श्वासनळीतली जागीच असलेली नळी उजव्या फाट्यात शिरते. एक-दीड सेंटिमीटर मागे घेतली, डावीकडचा श्वास आला, आकडा चढला. दोन मिनिटांचं काम. यंत्राचे हात जोडल्यावर हेच झालं असतं, तर त्या हातांच्या खाली वाकून चाचपडत करावं लागलं असतं.

हत्यारांची पहिली नळी पोटात कुठे रोवायची, यालाही एक गंमत आहे. सडपातळ बाईत सर्जन बेंबी धरून मापं घेतात. वजनदार बाईची बेंबी पोटाच्या ओझ्याने खाली ओघळलेली असते, तिच्या भरवशावर राहिलात तर सगळी हत्यारं गर्भाशयाच्या फार जवळ येतात. म्हणून आमचे सर पट्टी घेऊन खालच्या हाडापासून मोजतात, बेंबीकडे बघतही नाहीत.

मग रोबोट आत येतो, हात जोडले जातात, आणि सर्जन पेशंटपासून दूर जाऊन कन्सोलवर बसतात. पायाने चालवायचे पेडल असलेल्या यंत्रावर बसताना पुष्कळ सर्जन बूट काढतात, तळव्याला पेडल कळावं म्हणून. आक्कांच्या मुलाने आदल्या दिवशी विचारलं होतं, "मॅडम, मशीन करणार का डॉक्टर?" त्याच्या डोळ्यांपुढे स्वतःहून चालणारं काहीतरी होतं. यंत्र स्वतःहून काहीच करत नाही. सरांचं मनगट जितकं वळतं तितकंच आतलं हत्यार वळतं, हाताचा कंप तेवढा गाळला जातो. सरांनी डोकं बाजूला केलं की हत्यार जागच्या जागी थांबतं. आणि पेशंटच्या शेजारी एक सर्जन हात धुऊन उभे असतातच.

मग फरक कुठे पडतो? साध्या दुर्बिणीत लांब, सरळ दांड्याची हत्यारं पोटाच्या भिंतीतून आत जातात. भिंत जाड असली, की दर हालचालीला ती दांडा मागे ढकलते. दोन-तीन तास सर्जन त्या जाडीशी खांद्याने झुंजत असतो. हात थकले की नेमकेपणा जातो, मग त्याला जास्त जागा हवी असते, आणि जास्त जागा म्हणजे जास्त कल, जास्त प्रेशर. ती मागणी माझ्याकडे येते. रोबोटचा हात मात्र भिंतीतल्या एका ठरलेल्या बिंदूभोवती फिरतो, भिंतीचं ओझं तोच पेलतो, किंचित वर उचलूनही धरतो. टोकाशी मनगटासारखा सांधा असल्यामुळे अरुंद जागेतही टाका घालता येतो. सरांना कमी जागा पुरते. पूर्वी १५ च्या खाली यायला तयार नसणारा गॅसचा दाब दहा-बारावर चालतो. आक्कांच्या ऑपरेशनात सर एकदाच म्हणाले, "मॅडम, कल एवढाच राहू दे, दिसतंय मला." बाहेरच्याला या वाक्यात काही वाटणार नाही. त्या वाक्यासाठी मी वर्षानुवर्षं थांबले होते.

माझा हा अनुभव जगभरच्या आकड्यांशी जुळतो, म्हणून ठामपणे लिहिते. २०१९ मध्ये लठ्ठ बायकांतल्या या ऑपरेशनांच्या ५१ अभ्यासांचा, सुमारे १०,८०० पेशंटचा, एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. बीएमआय ४० च्या पुढे साध्या दुर्बिणीत ७ टक्के वेळा पोट उघडावं लागलं, रोबोटमध्ये ३.८ टक्के. पण माझ्या कामाचा आकडा पुढे आहे. साध्या दुर्बिणीत पोट उघडण्याच्या प्रसंगांपैकी ३१ टक्के वेळा कारण एकच होतं, डोकं खाली ठेवणं पेशंटला सोसलं नाही. रोबोटमध्ये तेच कारण ६ टक्के वेळा. फिनलंडमध्ये शंभरएक बायकांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली चाचणी झाली. तिथे रोबोटच्या गटात एकदाही पोट उघडावं लागलं नाही, दुसऱ्या गटात पाचदा लागलं.

याच आकड्यांत दुसरी बाजूही दिसते. २००९ चे ५७ टक्के साध्या दुर्बिणीतही ७ वर आले आहेत. निवडलेल्या पेशंट वेगळ्या असतील, पण हातही सरावले आहेत. त्यामुळे गावात रोबोट नाही म्हणून कुणी हताश होऊ नये. सरावलेला दुर्बीण सर्जन आणि तयारीचा भूलतज्ज्ञ असला, तर बहुतेक जड बायकांचं काम तिथेही नीट होतं.

पुण्याचं नाव या यंत्राच्या इतिहासात आहे, ते फार जणांना माहीत नसतं. रोबोटचं मूळ अमेरिकेच्या लष्कराच्या पैशावर झालेल्या संशोधनात आहे. जखमी सैनिकावर दूर बसलेल्या सर्जनला उपचार करता यावेत, हा हेतू होता. त्या वाटेने आलेल्या दा विंचीला तिथे २००० मध्ये आणि स्त्रीरोगांच्या शस्त्रक्रियेसाठी २००५ मध्ये परवानगी मिळाली. बरीच वर्षं मैदानात तो एकटाच. मग इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या सीएमआर सर्जिकलने व्हर्सियस हा सुट्या, हलवता येणाऱ्या हातांचा रोबोट बनवला आणि माणसावरची त्याची पहिली चाचणी २०१९ मध्ये झाली ती पुण्याच्या दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात, ३० पेशंटवर. पित्ताशय आणि गर्भाशय काढायची ऑपरेशनं होती. त्याच सुमारास पुण्यातल्याच गॅलेक्सी केअरमध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या चमूने व्हर्सियसवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची मोठी ऑपरेशनं केली. दुर्बिणीतून ते ऑपरेशन करण्याच्या त्यांच्या पद्धतीला त्याआधीच 'पुणे टेक्निक' हे नाव मिळालं होतं. आता गुरुग्राममध्ये बनलेला एसएसआय मंत्रा हा देशी रोबोटही आला आहे.

गर्भाशयमुखाचा आणि अस्तराचा कॅन्सर यांत गल्लत होते, म्हणून हेही सांगते. २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत दिसलं की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये बारीक छेदांच्या ऑपरेशननंतर आजार उलटण्याचं प्रमाण उघड्या ऑपरेशनपेक्षा जास्त होतं. अस्तराच्या कॅन्सरला ते लागू नाही. तिथे दुर्बिणीचं आणि उघडं ऑपरेशन आजार न उलटण्याच्या बाबतीत बरोबरीचं ठरलं आहे. पेशंटने विचारायचा पहिला प्रश्न म्हणूनच हा, की माझा कॅन्सर पिशवीच्या तोंडाचा की आतल्या अस्तराचा?

थिएटरमधला मला सर्वांत आवडणारा क्षण हिरव्या रंगाचा. ऑपरेशनच्या सुरुवातीला गर्भाशयमुखात इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग टोचतात. कॅन्सरच्या पेशी ज्या वाटेने पहिल्यांदा बाहेर पडतील, त्याच वाटेने तो रंग जातो आणि पहिल्या लसिकाग्रंथीत साठतो. मग कॅमेरा अवरक्त प्रकाशावर घेतात. पडद्यावर सगळं काळं-पांढरं होतं आणि चरबीच्या ढिगात ती एक ग्रंथी हिरवी उजळते. तेवढीच काढून तपासायची. पूर्वी दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सरसकट काढत आणि पुढे पाय सुजून राहत. २०१७ च्या एका चाचणीत या पद्धतीने आजार पसरलेल्या बायकांपैकी ९७ टक्के बरोबर ओळखल्या गेल्या. जास्त चरबीत रंग कधीकधी दिसत नाही. आक्कांच्या डाव्या बाजूला लगेच दिसला, उजवीकडे दिसेना. सरांनी पुन्हा रंग टोचला आणि सगळे पडद्याकडे बघत राहिले. सिस्टरलाच आधी दिसली ती, "सर, खाली, शिरेच्या मागे." होती तिथेच.

पिशवी योनिमार्गातून अखंड बाहेर आली. पोटावर उरले पाच छेद, प्रत्येकी बोटाच्या पेराएवढे.

आम्ही दर थोड्या दिवसांनी एक कवायत करतो. रक्तस्राव किंवा हृदय बंद पडणं, असं काही झालं तर रोबोटचे हात किती लवकर सोडवता येतात, याची. प्रत्येकाने आपलं काम मोठ्याने म्हणायचं: "हत्यारं काढली", "हात सोडले", "रोबोट मागे", "टेबल सरळ". नवीन आलेल्या सिस्टर पहिल्यांदा लाजतात, पुटपुटतात. दुसऱ्या वेळी आवाज येतो. ही कवायत ज्या थिएटरमध्ये होत नाही तिथे रोबोटचा फोटो कितीही मोठा छापून आलेला असो, मी माझ्या माणसाला झोपवणार नाही.

संध्याकाळी आक्का उशीला टेकून बसल्या होत्या. डोकं खाली राहिल्याने चेहरा थोडा सुजला होता, तो सकाळपर्यंत उतरला. दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमध्ये चालल्या. मुलगा माझ्याशी बोलायला आला तो पैशांविषयी. रोबोटची हत्यारं ठरावीक वेळाच वापरता येतात, दा विंचीच्या हत्यारांत तर त्याची मोजणी करणारी चिप असते. तो खर्च बिलात येतो. विमा नियामकाने २०१९ मध्ये रोबोटिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येणार नाही असं ठरवलं, पण पॉलिसीत तिला मर्यादा असू शकते, आणि ती मर्यादा लोकांना बिल हातात आल्यावर कळते. आक्कांच्या घरी वरचे पैसे उसाच्या बिलातून भरले. माझं मत असं, की बीएमआय चाळिशीच्या पुढे असलेल्या बाईसाठी हा पैसा सार्थकी लागतो. सडपातळ बाईला साध्या दुर्बिणीतून तेवढंच चांगलं ऑपरेशन मिळत असताना रोबोटचा आग्रह धरणं मला पटत नाही. यंत्र विकत घेतलंय म्हणून पेशंट शोधायचे, हा उलटा कारभार झाला.

कोल्हापुरात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी शाहू महाराजांच्या पाठबळाने कृष्णाबाई केळवकर डॉक्टर झाल्या आणि आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सीपीआरमध्ये, काम करू लागल्या. बायकांना आपलं दुखणं सांगायला बाई डॉक्टर मिळाली. एवढ्या वर्षांनी आक्कांनी ते सांगावं म्हणून लेकीला खोदून विचारावं लागलं, याचं मला वाईट वाटतं. रोबोट या भागातल्या शहरांतून येतील तसे येवोत. वजनकाट्यावर चढवून आधी न ओरडणारा दवाखाना त्याच्या आधी यायला हवा.

तपासणीचा अहवाल आला. आजार पिशवीच्या बाहेर गेलेला नव्हता, ग्रंथी स्वच्छ होत्या. महिन्याने दाखवायला आल्या तेव्हा आक्का वाडीहून आणलेले पेढे घेऊन आल्या होत्या. लेक बरोबर होती. तिशीतली, आईच्याच अंगलटीची. मी सहज विचारलं, तुझी पाळी वेळेवर येते का गं? ती आईकडे बघून म्हणाली, "चार-चार महिने येत नाही मॅडम. पण मला त्याचा काही त्रास नाही."

अंडाशयाच्या एका विकारात अशी पाळी लांबते, अस्तर बाहेर न पडता साठत जातं, आणि तरुण वयात या कॅन्सरची वाट तिथूनच निघते. आक्कांनी आपली फाईल बाजूला सारली आणि सरांना म्हणाल्या, "माझं ऱ्हाऊ द्या. हिचं आदी बगा."

त्याच दिवशी तिची सोनोग्राफी झाली, नंतर अस्तराचा तुकडा तपासला. कॅन्सर नव्हता, त्याच्या आधीची वाढ होती. पिशवीत प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक सोडणारं छोटं साधन बसवलं. ती आता दर तीन महिन्यांनी अस्तर पुन्हा तपासून घ्यायला येते, आणि तारीख तिच्यापेक्षा तिच्या आईला जास्त पक्की ठाऊक असते.